आरशातला उंचवटा

गल्लीतून कुणीतरी चाकांची बॅग ओढत चाललं होतं.

इतर कुठल्या गल्लीत हे घडलं असतं तर कुत्र्यानेही मान वर केली नसती. पण या गल्लीला लागून एक कारखाना होता, कारखान्याच्या पोटात एक लांबलचक अंधारा बोगदा होता, बोगद्याच्या एका टोकाला दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा आरसा उभा होता आणि दुसऱ्या टोकाला ती डोळा लावून बसली होती. बॅगेची चाकं एका फरशीवरून दुसरीवर उतरली – खड् – आणि समोरचा आरसा शहारला. खड् – पुन्हा शहारला. खड् खड् खड् – आता तर त्याला हुडहुडीच भरली.

ती तशीच उठून बाहेर धावली. पाऊस भुरभुरत होता. छत्रीचं भान कुणाला होतं?

"बॅग उचला!"

गल्लीच्या मधोमध एक चष्मेवाला थबकला. काचांवर थेंब, केसांतून पाणी, आणि चेहऱ्यावर शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाचा भाव.

"माझी?"

"दुसरी कुणाची दिसतेय?"

"जड आहे हो."

"मग हळू चाला."

"हळू चाललो तर जास्त वेळ खडखडेल." हे त्याने वाद म्हणून नाही, गणित म्हणून सांगितलं. मग आवाज एकदम खाली आणला. "आत कुणी आजारी आहे का?"

"आरसा आहे."

"आजारी?"

"त्याची परीक्षा चालू आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं, दारावरच्या पाटीकडे बघितलं, चष्मा पुसून पुन्हा तिच्याकडे बघितलं. मग ती अवजड बॅग उचलून खांद्यावर घेतली आणि चवड्यांवर चालत दारापर्यंत आला.

"मी त्यालाच भेटायला आलोय," तो कुजबुजला. "म्हणजे… आरशाला."

तर तो वेधशाळेचा माणूस होता. हा आरसा ज्या दुर्बिणीत बसायचा होता ती रॉकेटवर चढून पृथ्वीच्या हवेबाहेर जाणार होती, आणि एकदा गेली की गेली. मागाहून फडकं घेऊन तिथे कुणी जाणार नव्हतं. म्हणून वेधशाळेने आपला माणूस आधीच पाठवला होता. त्याने आरसा तपासून घ्यायचा, पसंत करायचा आणि पेटीत घालून रवाना करायचा. तो येणार हे सगळ्यांना माहीत होतं. बॅग ओढत येईल हे कुणाला सुचलं नव्हतं. कारखान्याने त्याचं नाव 'बॅगवाले' ठेवलं आणि ते त्याच्यापासून लपवलंही नाही.

तिचं नाव आधीच ठरलेलं होतं – 'काळजीवाहू'. सरकार असतं ना काळजीवाहू, तसं. फरक एवढाच की सरकार काळजी वाहत नाही, ही वाहायची. कुलूप लावलं का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायची. कुलूप लावलेलं असायचं. मग ते ओढून बघताना आपण बिघडवलं तर नाही ना, ही नवी काळजी घेऊन घरी जायची. अशा मुलीला आरसे तपासायला बसवण्यात साहेबांनी आयुष्यातली एकमेव दूरदृष्टी दाखवली होती. निश्चिंत माणसाचं हे कामच नव्हे.

काम सांगायला सोपं होतं. सुईच्या टोकाएवढा एक दिवा. त्याचा उजेड बोगद्यातून आरशापर्यंत जातो आणि परत येऊन एका बिंदूत गोळा होतो. त्या बिंदूवर एक धारदार पातं हळूच आडवं सरकवायचं. आरसा बिनचूक असेल तर तो सगळा एकदम, सारखा मावळतो. पण केसाच्या जाडीचे हजार भाग केले आणि त्यातल्या एका भागाएवढा उंचवटा काचेवर कुठे राहिला असेल, तर तिथे सावली पडते. सपाट काचेवर डोंगर उभा राहतो. मग आबा तो डोंगर घासून काढतात. आबा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने पॉलिशवाले. या आरशानंतर ते निवृत्त होणार होते. "उंचवटा असला तर घाबरायचं नाही," ते म्हणायचे, "खड्ड्याला घाबरायचं. काच काढता येते पोरी, घालता येत नाही."

पहिल्याच दुपारी तिने पाहुण्याला नियम समजावून दिला. नियम तोंडी सांगितला की लोक हसतात, म्हणून ती तो दाखवायची.

"हात धरा. इथे, उजेडाच्या वाटेत."

त्याने हात धरला. तिने त्याला डोळा लावायला सांगितला.

"माझ्या बोटांतून… धूर निघतोय."

"धूर नाही. ऊब आहे. हाताने हवा तापते, तापलेली हवा वर चढते, ती दिसतेय तुम्हाला."

"हे कायम निघत असतं?"

"जिवंत आहात तोवर."

"आणि तुमच्या?"

हा प्रश्न शास्त्रीय होता. निदान तिने तसा समजून घेतला आणि आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला – शेजारी, लांब. मध्ये एक बोट जाईल एवढं अंतर ठेवून. मग तिनेही वाकून बघितलं. अंधारात दोन काळे हात स्तब्ध होते, आणि त्यांच्यावर मात्र दोन लाटा वळत-वाकत, एकमेकींत शिरून, एकच होऊन वर चालल्या होत्या.

तिने हात झटकन मागे घेतला.

"म्हणून… परीक्षा चालू असताना आत कुणी थांबायचं नाही. दारावर लिहिलंय."

"वाचलं. लाल अक्षरात. अक्षर छान आहे."

"माझं आहे."

"वाटलंच," तो म्हणाला, "प्रत्येक अक्षराला काळजी वाटतेय."

आता नियम एवढा स्पष्ट असताना तो मोडला कसा? नियम नेहमी मोडतात तसाच – फार सयुक्तिक कारणाने. आरशाच्या बाजूला, काळ्या पडद्याआड एक थर्मामीटर होतं. ते अधूनमधून वाचावं लागे. वाचणारा मदतनीस पाय मोडून घरी बसलेला. तिला दर वेळी डोळा काढून, बोगद्याला वळसा घालून, पडद्याआड जाऊन परत यावं लागे. दोन दिवस तिची ही येरझार बघून बॅगवाले म्हणाले, "मी वाचतो की. मला तेवढं येतं."

मदतनीस आकडा सांगून बाहेर जायचा. याने मुद्दा काढला की सारखं आत-बाहेर केलं तर पडदा हलतो, पडद्याने हवा हलते. त्यापेक्षा आतच, एका कोपऱ्यात, पडद्याला चिकटून गुपचूप बसलेलं काय वाईट? तिला ते पटलं. पटण्याजोगंच होतं. शिवाय तो आरशासमोर नव्हे, डाव्या कडेला, लाकडी खोक्यावर बसणार होता. ती सगळ्या शक्यतांचा विचार करणारी मुलगी… पण या एका शक्यतेपाशी तिचा विचार दमून बसला.

यंत्रं बंद असायची ती फक्त जेवणाच्या सुट्टीत, म्हणून परीक्षाही तेव्हाच. सगळे जेवायला गेले की कारखान्यात शांतता पसरे; छपरावर पाऊस, गळक्या वऱ्हांड्यात ठेवलेल्या बादल्यांमध्ये टप् टप्, आणि बोगद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन आवाज.

"एकवीसला जराशी कमी," पडद्याआडून आवाज यायचा.

"जराशी म्हणजे किती?"

"तुम्हाला काळजी वाटणार नाही इतकी."

"तेवढी कमी जगात नसते."

मग हसू. हसण्याने आरसा किंचित थरथरायचा. ती पडद्याआडच्याला दटावायची, आणि तो बंद व्हायचा. मग त्याच्या गप्प बसण्याचीच तिला काळजी लागायची.

त्याला ती दुर्बीण हवी होती ती एका ग्रहासाठी. कुठल्याशा दुसऱ्या सूर्याभोवती फिरणारा ग्रह. तो त्या सूर्यासमोरून जातो तेव्हा सूर्याचा उजेड त्याच्या हवेतून गाळला जाऊन आपल्याकडे येतो आणि त्यातले काही रंग वाटेत गहाळ होतात. "कुठले रंग गहाळ झाले त्यावरून हवेत काय आहे ते कळतं. बरणीतलं काय कमी झालं त्यावरून घरात कोण येऊन गेलं ते कळतं ना, तसं."

"आमच्या घरी आईला कळतं."

"मग तुमच्या आईंना वेधशाळेत घ्यायला हवं. आम्हाला फार मोठे आरसे लागतात. वऱ्हांड्यातल्या बादल्या बघा. लहान बादलीत चार थेंब पडतात, पसरट घमेल्यात शंभर. पाऊस तोच. उजेडाचंही तसंच आहे… दुरून येणारा उजेड फार थोडा असतो हो. घमेलं मोठं लागतं."

"आणि मोठ्या घमेल्यात काय सापडलं आजवर?"

"आपली पत." तो हसला. "आधी वाटायचं, आपण मधोमध. जरा बरी दुर्बीण आली, कळलं की मध्ये सूर्य आहे. अजून बरी आली, कळलं की सूर्यही गल्लीच्या कोपऱ्यावरचा. मग वाटलं, निदान ही आकाशगंगा म्हणजे सगळं विश्व. त्याहून मोठी आली – तशा आकाशगंगा मोजता मोजता लोक म्हातारे झाले. दुर्बीण वाढत गेली तसतसा माणूस लहान होत गेला."

"मग कशाला करायच्या मोठ्या?"

टप्… टप्…

"लहान झालेल्या माणसाला," तो म्हणाला, "शेजारी कुणी आहे का, हे जास्त बघावंसं वाटतं."

तिने पातं सरकवायचं होतं. ते ती विसरली.

"तुम्ही काय काय बघितलंय दुर्बिणीतून?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"आरसे तपासते मी. दुर्बीण इथून पुढे बनते. मी आरशात आरसाच बघते." आणि मग, कधी कुणाला न सांगितलेलं तिने सांगून टाकलं. "आकाशाकडे बघायची हिंमत होत नाही. वाटतं… एखादा तारा मला अस्पष्ट दिसला तर? मी तपासलेल्याच आरशातून?"

इथे दुसरा कुणीही म्हणाला असता, "काही होत नाही गं." लहानपणापासून हे वाक्य तिने इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते ऐकलं की तिला हमखास वाटायचं, आता होणार.

तो म्हणाला, "होऊ शकतं तसं."

"हो ना?"

"हो. रॉकेटही फुटू शकतं. दर वेळी मला वाटतं, फुटणार."

"मग तुम्ही काय करता?"

"काळजी," तो म्हणाला. "दुसरं काय करता येतं?"

तिला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"माझ्या काळज्यांची रांग फार लांब आहे," ती म्हणाली.

"नवीन माणसाला जागा मिळते का रांगेत?"

"मागे उभं राहावं लागतं."

"राहतो की. मला सवय आहे. कॉलेजात असल्यापासून या आरशासाठी रांगेत उभाच आहे."

आणि याच दिवसांत आरशावर उंचवटा दिसायला लागला.

डाव्या कडेला, वरच्या अंगाला, लांबट. पहिल्या दिवशी तिने डोळ्याचा दोष समजला. दुसऱ्या दिवशी पात्याचा. मग तिने पातं बदललं, दिवा बदलला, मोजणाऱ्या यंत्राकडून शंभर-शंभर मोजण्यांची सरासरी काढली. गल्लीतल्या खडखडाटाचा थरकाप सरासरीत विरून जातो. हा विरला नाही. रोज दुपारी तोच, त्याच जागी, ठाम. केसाच्या हजाराव्या भागाएवढा डोंगर.

तिला ते आबांना सांगावं लागलं.

आबांनी स्वतः डोळा लावून बघितलं. मग ते मागे सरकले आणि आपल्याच हातांकडे बघत राहिले, जणू ते हात दुसऱ्या कुणी त्यांच्याकडे ठेवायला दिले होते.

"माझ्या हाताखालून हे सुटलं?"

"आबा, एवढंसंच आहे…"

"एवढंसं म्हणजेच सुटलेलं गं. मोठं असतं तर आंधळ्यालाही लागलं असतं." ते उठले. "बरं झालं, हा शेवटचा आहे."

साहेबांनी निर्णय दिला. साहेब निर्णय फार झटकन देत, कारण परिणाम नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर पडत. "घासून काढा. उद्या दुपारी सुट्टी संपली की आरसा पॉलिशच्या हॉलमध्ये. बॅगवाल्यांनी तोवर इथे बसून काय करायचं? महिन्याने या म्हणावं."

त्या संध्याकाळी घरी आईने तिच्या कपाळाला हात लावला. आईची उभी हयात दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली होती. तिचा हात कपाळावरून उठला की निदान तयार असायचं.

"तापलीयेस."

"काही नाही गं. आरशाला उंचवटा आलाय."

"आरशाला ना? तुला नाही ना? मग चार घास खा." आईने ताट पुढे सरकवलं. "आणि तो थर्मामीटर वाचणारा? तो काय म्हणतो?"

"तो… जातोय. उद्या तिकीट काढणार आहे."

"हं," आई म्हणाली. "म्हणजे ताप कुठला आहे ते कळलं."

"आई!"

"मी काय म्हटलं? आमटी घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्टेशनवर गेला. खोकं रिकामं होतं. घासण्याआधी एकदा शेवटची मोजणी हवी म्हणून ती बोगद्याशी आली, वळसा घालून थर्मामीटर स्वतः वाचलं, परत आली, डोळा लावला, पातं सरकवलं.

आरसा मावळला. सगळा, एकदम, सारखा.

तिने डोळा काढला. पुसला. पुन्हा लावला.

डाव्या कडेला काही नव्हतं. डोंगर नव्हता, टेकाड नव्हतं. शांत, सपाट, निर्दोष काच.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. तिला तो झाला नाही. काच आपोआप बरी होत नसते. माणसाचा ताप उतरतो, काचेचा उतरत नाही. मग काल काय होतं? परवा काय होतं? ती उठून पडद्याआड गेली. लाकडी खोकं होतं. त्यावर बसायला घेतलेल्या वर्तमानपत्राची घडी होती, मधोमध चेपलेली. खोक्याच्या डावीकडे पडदा, उजवीकडे हातभर अंतरावर आरशाची कड. डावी कड. तिने खोक्यावरून सरळ वर, जिथून ऊब चढत गेली असेल तिथे, हवेत हात फिरवला…

बोटांतून धूर निघतोय. हे कायम निघत असतं? जिवंत आहात तोवर.

तो उंचवटा आरशावर नव्हता. तो खोक्यावर बसत होता. रोज दुपारी, त्याच जागी, ठाम.

आणि पलीकडच्या हॉलमधून ढकलगाडीची चाकं वाजली. आबा आरसा न्यायला निघाले होते. नसलेला डोंगर ते घासणार, आणि तिथे खड्डा पडणार. खड्डा भरता येत नाही.

सांगायला तर हवंच होतं. पण काय सांगायचं? 'आज उंचवटा नाही' एवढंच म्हटलं तर साहेब म्हणणार, मग काल होता तो कुठे गेला? काल होता तो का होता, हे सांगायचं तर लाल अक्षरातला नियम – तिच्याच अक्षरातला – तिनेच मोडला, हे सांगावं लागणार. आणि ज्या मुलीला शिट्टीच्या आवाजात रेल्वे घसरलेली दिसते तिला हे इतके दिवस का दिसलं नाही, याचं उत्तर… ते तर तिने अजून स्वतःलाही दिलं नव्हतं. नोकरी जाईल. त्याच्यावर ठपका येईल, पसंत करायला आलेला माणूस परीक्षेत लुडबुडला म्हणून. हे सगळं तिच्या मनात गाडीची चाकं दोनदा फिरेपर्यंत येऊन गेलं. काळजीची सवय असली की वेग येतो.

पडदा सरकला. आबा. मागे दोन माणसं, त्यांच्यामागे साहेब.

"आरशाला हात लावू नका," ती म्हणाली. "तो चांगला आहे. चूक माझी आहे. मी… इथे माणूस बसवला होता."

कुणालाच काही कळेना.

"खोक्यावर. रोज. त्याची ऊब दिसत होती आपल्याला. आबा, तुमच्या हातातून काही सुटलेलं नाही."

आबांनी गाडीची दांडी सोडली. साहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यातून काय निघणार हे सगळ्यांना माहीत असतानाच गल्लीकडचं दार धाडकन उघडलं आणि बॅगवाले धावत आत आले. पावसाने निथळत, धापा टाकत, हातात तिकीट.

"थांबा, आरसा नेण्याआधी मला एकदा बघू दे… म्हणजे, निरोप…"

"बस!" ती ओरडली.

"कुठे?"

"खोक्यावर! तुझ्या जागेवर. आणि हलू नकोस."

तो बसला. आपल्याला तिने पहिल्यांदाच 'तू' म्हटलंय, एवढं सोडून त्याला परिस्थितीतलं काही समजलेलं दिसत नव्हतं. बाकीचे वळसा घालून या टोकाला आले. हवा स्थिरावू दिली. साहेबांनी डोळा लावला, आणि त्यांची मान ताठ झाली.

"आला! उंचवटा आला! अरे, हा तर दुप्पट आहे!"

"पळत आलाय तो," आबा डोळा लावत म्हणाले. "तापलाय माणूस."

"मी उठू का?" पडद्याआडून आवाज आला.

"नको!" तिघे एकदम.

मग त्याला उठवलं. बघता बघता डोंगर पातळ झाला, विरला, गेला. मग आबा स्वतः जाऊन त्या खोक्यावर बसले. साहेबांना एक इवलंसं टेकाड दिसलं. "माझं एवढंच?" आबा पडद्याआडून म्हणाले. "वय झालं म्हणायचं." पण त्यांच्या आवाजात असा आनंद होता की त्यांचं वय एका दुपारीत दहा वर्षांनी उतरलं असावं.

साहेबांनी मग जे बोलायचं ते बोलून घेतलं. सगळ्या मोजण्या पुन्हा. बोगद्यात कुणीही नाही, बॅगवाले तर नाहीच नाही. आणि दारावरचा नियम पुन्हा रंगवायचा, दुप्पट मोठा, तिने, स्वखर्चाने.

ती ब्रश घेऊन दाराशी उभी होती तेव्हा आबा जवळ आले. "एक विचारू? तुला हे आधी कसं सुचलं नाही गं?"

तिने 'प' ची दांडी फारच काळजीपूर्वक ओढली.

"सुचलं असतं," आबा म्हणाले, "पण मग त्याला उठवावं लागलं असतं. नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

पुढचे दिवस ती बोगद्यात एकटी होती. आरसा दर दुपारी निर्दोष मावळत होता आणि ते बघताना तिच्या पोटात खड्डा पडत होता, जो भरता येत नव्हता. तो बाहेर, पेटी बांधणाऱ्यांकडे बसायचा. वऱ्हांड्यात समोरासमोर आले तर म्हणायचा, "नमस्कार. ठीक ना?" एवढंच. ती म्हणायची, "ठीक." टप्… टप्… बादल्याच काय त्या बोलत होत्या. त्याला राग आला असणार. का येऊ नये? इतक्या वर्षांचा त्याचा आरसा, आणि तिने तो जवळजवळ… पुढचं तिला मनातही म्हणवत नव्हतं.

आरसा पसंत झाला. पेटीत गेला. पेटी ट्रकमध्ये चढली, ट्रक सकाळीच निघूनही गेला. तो दुपारच्या गाडीने जाणार, असं कुणीतरी म्हणालं. जेवणाची सुट्टी झाली. ती सवयीने बोगद्याच्या टोकाशी जाऊन बसली. समोर आरसा नव्हता, नुसता अंधार. तपासायला काहीच नव्हतं, आणि तरी डोळ्यांना पाणी येत होतं, हा बहुधा धुळीचा दोष असावा.

गेला असेल. न सांगता गेला असेल. बॅग खांद्यावर घेऊन, चवड्यांवर, आवाज न करता… तो तसाच शिकला होता ना.

खड्.

तिने मान वर केली.

खड् खड् खड् खड् – गल्लीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. मग थांबलं. गेला. मग – खड् खड् खड् – खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत. पुन्हा खाली. पुन्हा वर.

ती बाहेर धावली. पाऊस भुरभुरत होता. गल्लीच्या मधोमध तोच चष्मा, त्याच काचांवर तेच थेंब.

"बॅग उचला!" ती म्हणाली. आवाज नीट निघाला नाही.

"जड आहे हो."

"मग… हळू चाला."

"हळूच चालतोय. मघापासून. सातव्या फेरीला आलात तुम्ही." त्याने चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, तसाच हातात धरून उभा राहिला. "मला वाटलं, तुम्हाला राग आलाय. माझ्यामुळे तुमची नोकरी जात होती."

"मला वाटलं, तुम्हाला राग आलाय. माझ्यामुळे तुमचा आरसा जात होता."

"जाऊ शकला असता," तो म्हणाला.

"हो. जाऊ शकला असता."

दोघांनी श्वास सोडला.

"तिकडे बसवताना आरसा पुन्हा तपासावा लागतो," तो फरशीकडे बघत म्हणाला. "मी साहेबांना सांगितलं, इथली परीक्षक पाठवा, दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. ते म्हणाले, पाठवतो, पण तिची काळजी घ्या. मी म्हटलं, ती स्वतःच पुष्कळ घेते, मी थोडी वाटून घेईन. पुढच्या महिन्यात… याल? आमच्याकडे जुनी एक दुर्बीण आहे. आरसा तुम्ही तपासलेला नाही. त्यातून बघायला काही हरकत नसावी."

"आणि तारा अस्पष्ट दिसला तर?"

"दिसू शकतो. मग दोघं मिळून त्याचीही काळजी करू."

तिने ओठ घट्ट मिटले. हसू आलं तर सगळंच बाहेर येईल, अशी ती वेळ होती.

"रांगेत," तो हळूच म्हणाला, "माझा नंबर काही सरकला का?"

"तुम्ही मधेच घुसलात," ती म्हणाली. "केव्हाच. बाकीच्या सगळ्यांना मागे ढकलून. मला तुमची… तुमचीच काळजी वाटते. आत्ताही. गाडी चुकेल तुमची."

"चुकू शकते," तो म्हणाला. इतका आनंदी चेहरा करून गाडी चुकण्याबद्दल आजवर कुणी बोललं नसेल.

बॅगेचा एक कान त्याने धरला, दुसरा तिने. बॅग फरशीवरून वर उचलली गेली आणि दोघांच्या मध्ये झुलत, एकदाही न टेकता, स्टेशनच्या दिशेने निघाली. गल्ली इतकी शांत होती की आत आरसा असता तर शहारला नसता.

निदान बॅगेमुळे तरी नाही.